फोन ऐकण्याचा हुकूम न्यायाधीशाने द्यावा
महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य



पोलिसांना एखाद्या घराची झडती घ्यायची असेल तर त्यासाठी न्यायालयाचे वॉरंट लागते. वॉरंट आणायला वेळच नसेल तर तपास अधिकारी त्याशिवायही आत येऊ शकतो. पण आधी त्याला कारणे लिहून ठेवावी लागतात आणि त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पोचवावी लागते. पंच बोलवावे लागतात, जप्तीची यादी करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार सगळ्या झडतीचे चित्रीकरणही करावे लागते. घरातल्या माणसाला निदान समजते तरी, की आपल्या घरात पोलीस आले होते.

त्याच माणसाचा फोन ऐकायचा असेल तर यातले काहीही लागत नाही. राज्यात गृह विभागाच्या सचिवाची किंवा दिल्लीत केंद्रीय गृहसचिवाची सही झाली की 60 दिवस त्याचे बोलणे ऐकता येते आणि मुदत वाढवत वाढवत ते 180 दिवसांपर्यंत नेता येते. तातडीचे कारण असेल तर पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारीही तसा हुकूम देऊ शकतो आणि सात कामकाजी दिवसांत त्यावर सचिवाची मंजुरी मिळवतो. न्यायाधीशाचा संबंध ना आधी येतो, ना नंतर. ज्याचे बोलणे ऐकले त्याला ते कधीच कळवले जात नाही. निर्दोष ठरला तरी नाही, सहा महिने ऐकून काहीच सापडले नाही तरी नाही.

आपणा सर्वांकडे माझी मागणी एकच आहे. हा हुकूम देण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे जावा आणि त्यासाठी आपण संसदेत कायदा बदलावा. सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंना एकच पत्र लिहितो आहे, कारण या प्रश्नावर विरोधी बाकांवर बसलेला प्रत्येक पक्ष तक्रार करत आला आहे आणि सत्तेवर आलेल्या प्रत्येक पक्षाने ती यंत्रणा जशीच्या तशी वापरली आहे.

न्यायालयानेच हे करावे असे काहीजण म्हणतात. त्यांनी 1996 चा निकाल आठवावा. राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याबद्दलचा सीबीआयचा अहवाल 1991 साली ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात छापून आला आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी 18 डिसेंबर 1996 रोजी निकाल दिला. फोनवरचे संभाषण हा माणसाच्या खासगी जीवनाचा भाग आहे आणि घटनेच्या अनुच्छेद 21 चे संरक्षण त्याला आहे, हे त्यांनी मान्य केले. मात्र टॅपिंगआधी न्यायालयाची परवानगी घ्यायला लावा, ही संघटनेचे वकील राजिंदर सच्चर यांनी केलेली मागणी त्यांनी स्वीकारली नाही. मूळ टेलिग्राफ कायद्यात तशी तरतूदच नाही, तेव्हा ती आम्ही कुठून आणणार, असे न्यायालयाचे म्हणणे होते. सरकार रीतसर नियम करीपर्यंत गृहसचिवाचा हुकूम आणि सचिवांची आढावा समिती अशी व्यवस्था न्यायालयाने घालून दिली. ती तात्पुरती होती. सरकारने तीच नियमांत उतरवली आणि आज ती व्यवस्था कायमची झाली आहे. जे दार न्यायालयाला उघडता आले नाही ते उघडण्याचा अधिकार तेव्हाही संसदेचा होता, आजही संसदेचाच आहे.

आता त्या आढावा समितीविषयी. राज्यात या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात. विधी विभागाचे सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या एका विभागाचे सचिव हे सदस्य असतात. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव अध्यक्ष असतात. दोन महिन्यांतून एकदा बैठक घ्यावी असा नियम आहे. या समितीवर किती बोजा असतो याचा हिशेब न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या आपल्या अहवालात मांडला. श्रीकृष्ण हे नाव महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे हेच न्यायमूर्ती. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तराचा आधार घेऊन अहवालात म्हटले आहे की केवळ केंद्र सरकार महिन्याला सुमारे 7,500 ते 9,000 हुकूम काढते, म्हणजे आढावा समितीपुढे एका बैठकीत 15,000 ते 18,000 हुकूम येतात. समितीने आठ तास मान वर न करता काम केले, असे धरू. एका हुकमाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्या वेळात कागदावरचे नाव वाचून होत नाही, कारण योग्य होते की नाही हे ठरवणे दूरच राहिले.

या पदांवरचे अधिकारी अप्रामाणिक आहेत असे मी म्हणत नाही. त्यातले अनेकजण कर्तव्यदक्ष असतील. प्रश्न त्यांच्या जागेचा आहे. पोलीस दल ज्या सरकारच्या हाताखाली, त्याच सरकारचा सचिव हुकूम देतो आणि त्याच सरकारचे दुसरे सचिव तो हुकूम तपासतात. तिघांच्याही बदल्या एकाच टेबलावरून होतात. फोन ऐकला जाणारा माणूस त्या सरकारचा विरोधक असेल, तर नाही म्हणण्याचे बळ त्या खुर्चीत असत नाही.

हे मी कुणाला सांगतो आहे? आपल्यापैकी कित्येकांना हे अनुभवाने ठाऊक आहे. फोन टॅपिंगच्या आरोपांवरून रामकृष्ण हेगडे यांना 1988 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. 1991 च्या मार्चमध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन कर्मचारी पाळत ठेवताना आढळले आणि चंद्रशेखर यांचे सरकार पडले. आपल्या राज्यात नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत सांगितले की काही वर्षांपूर्वी त्यांचा फोन अमजद खान या नावाखाली ऐकला गेला होता. पुढे एकनाथ खडसे आणि संजय राऊत यांचीही नावे आली. 2022 साली या टॅपिंगबद्दल पुण्यात आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते दोन्ही गुन्हे रद्द केले. न्यायालयाने कुणालाही दोषी धरलेले नाही आणि मीही धरत नाही. पण आमदार आणि खासदार असलेल्या माणसांच्या बाबतीतसुद्धा प्रस्ताव कुणी पाठवला, त्यात कोणते कारण लिहिले आणि कशाच्या आधारावर सही झाली, या प्रश्नांचा निवाडा साक्षीपुराव्यासह कधी झालाच नाही. सरकारे बदलली, प्रकरणाची दिशा बदलली आणि विषय मिटला. परवानगीचा तो अर्ज एखाद्या न्यायाधीशासमोर ठेवावा लागला असता, तर हा नंबर कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्यांनी सगळ्यात आधी विचारला असता.

आमदाराला निदान सभागृहात उभे राहून बोलता येते. चिपळूणच्या शिक्षकाने किंवा गडचिरोलीच्या ग्रामसभा कार्यकर्त्याने कुठे उभे राहायचे?

न्यायाधीशाने कागद पाहिला की काय फरक पडतो, याचे उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातच आहे. मुंबईतल्या एका व्यावसायिकाने बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपात सीबीआयने 2009 आणि 2010 मध्ये मिळालेल्या तीन हुकमांच्या आधारे त्याचे संभाषण ऐकले होते. न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जमादार यांनी 22 ऑक्टोबर 2019 रोजी ते तिन्ही हुकूम रद्द ठरवले. सार्वजनिक आणीबाणी असावी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असावा, ही कायद्याची पहिली अट. लाचेच्या आरोपात ती पूर्ण होत नाही, असे खंडपीठाने सांगितले आणि ती ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. हुकूम निघाल्यापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली. तेही त्या माणसावर खटला भरला गेला आणि कागद त्याच्या हाती लागले म्हणून. ज्यांच्यावर कधी खटलाच झाला नाही त्यांचे हुकूम कोण रद्द करणार? शिवाय सगळी न्यायालये एका मताची नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये मुंबईसारखीच भूमिका घेतली, तर दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच सुमारास मोठा भ्रष्टाचार हाही सार्वजनिक सुरक्षिततेचा विषय ठरू शकतो असे म्हटले. म्हणजे फोन कोणत्या कारणासाठी ऐकता येतो, याचे उत्तर राज्यागणिक बदलते आहे.

सर्वोच्च न्यायालयाने तर यापेक्षाही स्पष्ट इशारा देऊन ठेवला आहे. नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पुढच्याच वर्षी आधारच्या निकालात न्यायालयाने म्हटले की राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी आधारची माहिती उघड करायची असेल, तर केवळ सहसचिवाचा हुकूम पुरेसा नाही. अधिकारी त्याहून वरिष्ठ असावा आणि त्याच्या जोडीला न्यायाधीश, शक्यतो उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायाधीश, असावेत. संसदेने 2019 मध्ये दुरुस्ती केली ती सहसचिवाच्या जागी सचिव घालण्यापुरती. न्यायाधीश त्यात आलेच नाहीत. आधारमध्ये नाव, पत्ता आणि बोटांचे ठसे असतात. त्यासाठी न्यायालयाला न्यायाधीश हवासा वाटला. फोनमध्ये माणसाचे अख्खे बोलणे असते.

मग डिसेंबर 2023 आला. 1885 चा टेलिग्राफ कायदा जाऊन त्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा येणार होता. शतकाहून जुनी चूक दुरुस्त करण्याची ती संधी होती. लोकसभेने 20 डिसेंबरला आणि राज्यसभेने 21 डिसेंबरला विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले 146 सदस्य निलंबित होते आणि सुप्रिया सुळे व अमोल कोल्हे हे आपल्यातलेच दोघे त्यांत होते. नव्या कायद्याच्या कलम 20(2) मध्ये जुनीच शब्दरचना राहिली, आणि डिसेंबर 2024 च्या नियमांत सचिवांची तीच जुनी चौकट. ज्यांनी न्यायाधीशाच्या हुकमाचा प्रश्न विचारला असता, त्यांतले अनेकजण सभागृहाबाहेर होते. या गोष्टीचे मला मनापासून वाईट वाटते, कारण असा कायदा पिढीतून एकदाच नव्याने लिहिला जातो.

अमेरिकेतही हा वाद मिटलेला नाही. तिथे देशांतर्गत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायला न्यायाधीशाचा हुकूम 1968 पासून लागतोच. वाद उरला आहे तो परदेशी लोकांवर पाळत ठेवताना जाळ्यात आलेले अमेरिकी नागरिकांचे संदेश वॉरंटाशिवाय धुंडाळण्याचा. एप्रिल 2024 मध्ये प्रतिनिधिगृहात त्यावर दुरुस्ती आली. 212 मते बाजूने पडली, 212 विरोधात, आणि दुरुस्ती पडली. पण कुणी कोणत्या बाजूने मत दिले ते तिथल्या प्रत्येक मतदाराला कळले. ब्रिटनमध्ये 2016 च्या कायद्यानंतर, तातडीचे प्रसंग सोडता, मंत्र्याच्या हुकमाला न्यायिक आयुक्ताची मान्यता मिळाल्याशिवाय तो अमलात येत नाही.

परदेशाची उदाहरणे बाजूला ठेवू. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1999 मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का हा कायदा केला. त्या कायद्यावर माझे अनेक आक्षेप आहेत. त्यातही फोन ऐकायची परवानगी गृह विभागाचा सचिवच देतो. पण मागणारा अधिकारी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाखालचा चालत नाही, आणि तपासाचे इतर मार्ग वापरून पाहिले का आणि ते का अपुरे पडले, हे त्याला अर्जात लिहून द्यावे लागते. सगळ्यांत महत्त्वाचे कलम 27. वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, त्यांतून किती खटले उभे राहिले, या सगळ्याचा वार्षिक अहवाल सरकारने तयार करायचा आणि वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायचा, असे त्यात म्हटले आहे. सुरक्षेला बाधा येईल असा मजकूर वगळण्याची मुभाही दिली आहे. उच्च न्यायालयाने टॅपिंगची कलमे राज्याच्या अधिकाराबाहेरची म्हणून रद्द केली होती. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा वैध ठरवली. दाऊद आणि छोटा राजनच्या टोळ्यांशी लढायला केलेल्या कायद्यात जर आकडे सांगण्याची अट घालता येते, तर साऱ्या देशाला लागू असलेल्या दूरसंचार कायद्यात ती का नाही? केंद्राच्या कायद्यात संसदेपुढे असा अहवाल ठेवण्याची सक्ती नाही. आपल्याला मतदार विचारतात, किती जणांचे फोन ऐकले जातात? त्याचे उत्तर आपल्यालाही माहीत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि मुंबईच्या माणसाकडून आला तर तो आदराने ऐकायला हवा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवाद्यांचे पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेले बोलणे आपल्या यंत्रणांनी ऐकले. पुढे कसाबच्या खटल्यात ते पुराव्यात आले. अशा वेळी न्यायाधीशाची वाट बघत बसायचे का? मुळीच नाही. झडतीचा कायदा वेळ नसेल तेव्हा आधी आत जा आणि 48 तासांत दंडाधिकाऱ्याला कळवा असे सांगतोच. अटक केलेल्या माणसाला 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते, तरी पोलिसांना अटका करता येतात. फोनच्या बाबतीतही तातडीत ऐकणे सुरू करावे आणि ठराविक तासांत न्यायाधीशाची मंजुरी घ्यावी, अशी तरतूद सहज लिहिता येईल. न्यायाधीशांवर आधीच खटल्यांचे ओझे आहे हे खरे. पण मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि 2025 पासून कोल्हापूर इथे उच्च न्यायालय बसते. या कामासाठी मोजके न्यायाधीश नेमणे अशक्य नाही. आणि न्यायाधीशासमोर जावे लागेल म्हटल्यावर अर्जच कमी येतील. तोही फायदाच आहे.

दुसरा आक्षेप असा की ज्याने काही केले नाही त्याने घाबरायचे कशाला. त्याला ठाण्याचे उदाहरण पुरे आहे. तिथल्या पोलिसांनी 2018 मध्ये लोकांच्या कॉलचे तपशील, म्हणजे सीडीआर, बेकायदा मिळवून विकणारी टोळी पकडली. त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. ज्यांचे तपशील विकले गेले त्यांचा गुन्हा काय होता? माहिती गोळा करण्याची वाट एकदा पडली की त्या वाटेने कोण कोण येते यावर ताबा राहत नाही. आणि काही व्यवसाय तर गुप्ततेवरच उभे आहेत. अशील वकिलाशी बोलतो, पेशंट डॉक्टरशी बोलतो, कार्यालयातला गैरव्यवहार सांगायला कुणी बातमीदाराला फोन करतो. 2019 मध्ये व्हॉट्सॲपने ज्या भारतीयांना पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या हल्ल्याची सूचना दिली, त्यांत नागपूरचे एक मानवाधिकार वकीलही होते. पेगॅससच्या चौकशीसाठी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. समितीने 29 फोन तपासले, पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच होते असे ठामपणे सांगता आले नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट 2022 मध्ये सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले. अहवाल आजही लोकांसाठी खुला नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69 याहून सैल आहे. त्यात सार्वजनिक आणीबाणीची अटसुद्धा नाही, कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढे कारण चालते. 20 डिसेंबर 2018 च्या अधिसूचनेने दहा यंत्रणांना त्याखाली संगणकातली माहिती पाहण्याचा अधिकार मिळाला. दूरसंचार कायदा बदलला आणि हे कलम तसेच ठेवले, तर केलेले सगळे वाया जाईल.

म्हणून येत्या अधिवेशनात आपल्यापैकी कुणीतरी अशासकीय विधेयक मांडावे आणि बाकीच्यांनी पक्ष न पाहता त्याला पाठिंबा द्यावा. हुकूम न्यायाधीशाने द्यावा, तातडी असेल तर काही तासांत त्याची मंजुरी घ्यावी, तपास संपल्यावर किंवा काही न सापडल्यास त्या माणसाला कळवावे, आणि मोक्काच्या कलम 27 सारखा अहवाल दरवर्षी संसदेपुढे यावा. अशासकीय विधेयके क्वचितच मंजूर होतात, हे मला माहीत आहे. मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये गुप्तचर यंत्रणांवर संसदेची देखरेख आणणारे विधेयक मांडले होते, तेही पुढे सरकले नाही. तरी मांडा. निदान चर्चा होईल, नोंद होईल आणि मतविभागणी मागता येईल. वार्षिक अहवालाची अट तर सरकारने उद्या स्वतःहून मान्य केली तरी कुठल्याही तपासाला धक्का लागत नाही, त्यामुळे सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनी निदान तेवढी मागणी आपल्या मंत्र्यांकडे करावी.

आणि विधेयक येवो न येवो, आपली भूमिका आम्हाला सांगा. न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय नागरिकाचा फोन ऐकला जावा की नाही, याचे होय किंवा नाही असे उत्तर आपल्या मतदारसंघात, जाहीरपणे, आपल्या सहीने द्या.

आपला,
पुण्यातील एक मतदार